मी मारलेला एकच गोटा

माझ्या सासऱ्यांना दोन मुली, मुलगा नाही. मोठी माझी बायको आणि धाकटी सावरगावात दिलेली. सासरे सौंसरचे. गावापासून मोटारसायकलने दहा मिनिटांवर त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, त्याला लागून थोडी पराटी, म्हणजे कपाशी. मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत सामाजिक शास्त्र शिकवतो. माझा साडू, म्हणजे धाकटीचा नवरा, नदीपलीकडे सावरगावात मोटारी भरतो. विहिरीतली मोटार जळाली की लोक ती त्याच्याकडे आणतात आणि तो तिच्यात नवी तार भरून ती चालू करून देतो. त्याच्या आणि माझ्या घराच्या मधे फक्त जाम नदी आहे. पुलावरून चालत गेलं तर पंधरा मिनिटं लागतात.

सासरे मला 'तुम्ही' म्हणतात आणि त्याला 'तू'. बाहेरच्या माणसाला वाटेल की मान मला आहे. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच धरून चाललो. मग एकदा उन्हाळ्यात बगीच्यातली मोटार बंद पडली. सासरे विहिरीत उतरायला निघाले, तर साडू त्यांच्या हातातला दोर घेऊन म्हणाला, "मामाजी, तुम्ही कायले उतरता? मी आहो न." आणि उतरला. मी काठावर त्याची चप्पल सांभाळत उभा होतो. तो वर आला तेव्हा सासऱ्यांनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याचं डोकं पुसलं. पुसताना म्हणाले, "तू असला की मले काही पाहा लागत नाही." माझ्यासाठी त्यांनी बाजेवर चादर अंथरली आणि "बसा न, गुरुजी" म्हणाले. त्या दिवशी मला 'तुम्ही' आणि 'तू' मधला फरक कळला.

नंतर मला सगळीकडे तोच दिसायला लागला. दरवर्षी संत्री निघाली की दोन्ही घरी एकसारखी पेटी यायची. विहिरीजवळ एक झाड आहे, त्याची फळं जास्त गोड असतात. एकदा साडूकडे गेलो असताना मी एक फोड खाल्ली आणि ओळखलं की त्याच्या पेटीत त्या झाडाची फळं आहेत. घरी येऊन आमच्या पेटीतली चार संत्री सोलून खाल्ली. त्यात ते झाड नव्हतं. बायकोनं विचारलं, जेवायच्या वेळी संत्री काय खाऊन राहिले. मी म्हणालो, भूक नाही. सासऱ्यांचा फोन आला तरी पहिला प्रश्न असायचा की तो कुठं आहे, त्याचा फोन लागत नाही. मी सांगायचो, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ कशात मन लागायचं नाही. पन्नाशीला आलेल्या, लोकांची मुलं शिकवणाऱ्या माणसानं असं वागावं याची लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून ते गेलं नाही.

आता गोटमारीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याचे लोक ते झाड तोडायला पाण्यात उतरतात, सावरगावचे त्यांना अडवतात, आणि दिवसभर दोन्हीकडून गोटे चालतात. शेकडो माणसं जखमी होतात, कधी कोणी जातोही. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि गोटे थांबतात. दुसऱ्या दिवशी हीच माणसं एकमेकांच्या घरी चहाला बसतात, कारण इकडच्या मुली तिकडे दिलेल्या आहेत आणि तिकडच्या इकडे. कोणाचा गोटा कोणाला लागला हे कोणी विचारत नाही. तो दिवस देवीचा, एवढंच म्हणतात.

मी पांढुर्ण्यात जन्मलो, पण गोटा कधी हातात धरला नाही. लहानपणी घरून मनाई होती आणि मोठेपणी मी त्याचं तत्त्व केलं. वीस-बावीस वर्षं पोळ्याच्या आठवड्यात मी वर्गात त्यावर बोलत आलो. दहावीला महायुद्धांचा धडा असतो, तेव्हा मी फळ्यावर प्रश्न लिहायचो: युद्ध माणसाच्या स्वभावातच आहे का? मुलं अर्धी इकडे, अर्धी तिकडे बोलायची. शेवटी मी माझं उत्तर सांगायचो. भांडण कोणी पोटातून घेऊन येत नाही, माणूस ते शिकतो, आणि जे शिकता येतं ते सोडताही येतं. मुलं वहीत लिहून घ्यायची. मग पोळा यायचा आणि त्यातलीच बरीच मुलं नदीवर जायची.

साडू मात्र त्याच्या तरुणपणी सावरगावचा नावाजलेला गोटेवाला होता. त्याचा नेम चुकत नाही असं आमच्या काठावरही बोलायचे. मुलगी झाल्यावर त्यानं एकदम सोडलं. कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षीपासून तो नदीवर जायचा, पण पडलेल्या माणसांना उचलून काठावर आणायला. आपला-परका पाहायचा नाही. मी वीस वर्षं जे नुसतं बोलत होतो ते यानं एका वर्षात करून टाकलं होतं, आणि त्याचा मला आनंद व्हायला हवा होता.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. म्हणाले, सर, तुमच्या साडूंना शाळेत आणा, पोरांना त्यांचं ऐकू द्या, तुमचं तर ते नेहमीच ऐकतात. ते सहज बोलले. मी त्याला घेऊन आलो. तो कामाच्या कपड्यातच आला, बोटांना वार्निशचा वास होता. भाषण त्याला येत नाही. पहिला गोटा कधी मारला, कसा लागला की बरं वाटायचं, पाय कसे जमिनीवर राहत नाहीत, हे त्यानं घरी बोलावं तसं सांगितलं. माझ्या तासाला बाकांचा आवाज कधी थांबत नाही. त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

एका मुलीनं उठून विचारलं, काका, आता गोटा मारावासा वाटत नाही का?

मला वाटलं तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "वाटते न. दरवर्षी वाटते. सुटलं म्हनतो तो खोटं बोलते. म्हनून मी त्या दिवशी कोनाले तरी उचलूनच राहतो, दोन्ही हात गुंतलेले पाहिजे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याच तासाला तिनं माझं उत्तर वहीत लिहून घेतलं होतं. मला वाटलं की तिच्या मनात मी खोडला गेलो. सासऱ्यांच्या घरी त्याचं चालतं ते एक होतं. ही माझी शाळा होती. त्याला पुलापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा तो म्हणाला, भाऊ, मी काही चुकीचं तर नाही बोललो? मी म्हणालो, छान बोलला. घरी येईपर्यंत मी दात आवळून चालत होतो.

पाचव्या दिवशी गोटमार होती. दरवर्षी मी त्या दिवशी घराची दारं लावून बसतो. त्या वर्षी दुपारी निघालो. बायकोला सांगितलं की शाळेत काम आहे. का निघालो हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. त्याला पाहायचं होतं, एवढं खरं.

नदीला गुडघाभर पाणी होतं. काठावर, गच्च्यांवर, पुलावर माणसंच माणसं. मी गर्दीतून वाट काढत अगदी पुढे गेलो, जिथं गोटे मारणारे उभे असतात. कोणी मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं तरी त्या वेळी कोणाला फुरसत नव्हती. झाडाच्या अलीकडे आमच्या बाजूचा एक माणूस गोटा लागून पाण्यात पडला होता आणि उठत नव्हता. तेवढ्यात पलीकडून साडू उतरला. डोक्याला दुपट्टा बांधलेला, हात वर केलेले. आमच्या काठावरच्या लोकांनी एकमेकांना सांगितलं, थांबा, तो आला, उचलणारा आला. आणि खरंच थांबले. दोन्ही काठ थांबले. पोलिसांच्या लाउडस्पीकरनं सकाळपासून जे झालं नव्हतं ते त्याच्या येण्यानं झालं. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, असा मानूस आपल्या गावात पाह्यजे होता.

साडू वळसा घालून आमच्या बाजूला आला, वाकला, त्या माणसाच्या काखेत हात घातला. त्याची पाठ माझ्याकडे होती, फार तर वीस पावलांवर.

माझ्या पायाशी गोट्यांचा ढीग होता. मी एक उचलला. उचलताना आपण काय करतो आहोत हे मला माहीत होतं; कुठल्या झटक्यात झालं असं मी म्हणणार नाही. गोटा थंड होता आणि हातात नीट बसला. मी मारला. आयुष्यातला पहिला, आणि तो बरोबर त्याच्या मानेजवळ, उजव्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. छातीतून काहीतरी मोकळं झालं आणि पाय हलके झाले, त्यानं शाळेत सांगितलं होतं अगदी तसं.

मग आमच्याच काठावरचे लोक चिडले. कोण होता, कोणी मारला, असं ओरडायला लागले. आणि मीही मागे वळून, शोधत असल्यासारखा म्हणालो, "कोन होता रे तो?"

साडूनं एका हातानं त्या माणसाला ओढत काठावर आणलं. मग स्वतः बसला.

त्याच्या हंसळीचं, म्हणजे मानेखालचं आडवं हाड मोडलं होतं. नागपूरला नेऊन दाखवलं, हात गळ्यात बांधून दीड-दोन महिने हलवायचा नाही असं सांगितलं. सासरे सौंसरहून बसनं आले आणि आठ दिवस त्याच्याकडे राहिले. स्वतः त्याला अंघोळ घालायचे. माझी बायको रोज डबा घेऊन पुलावरून जायची. मीही जायचो. तो खाटेवर, उशाशी सासरे, पायाशी दोघी बहिणी, आणि शेजारीपाजारी चौकशीला येत असलेले. हे मी केलं, ही गोष्ट मनात होती. तरी त्याच खोलीत बसून मला पुन्हा त्याचा हेवा वाटत होता. मी आजारी पडलो तेव्हा सासरे फोनवर बोलले होते. माणूस किती खाली जाऊ शकतो ते मी महायुद्धाच्या धड्यात शिकवत होतो. एवढं लांब जायची गरज नव्हती.

कोणी विचारलं नाही, कोण होता. सासरे एकदाच म्हणाले, ज्याचा असन त्याचा असन, त्या दिवसाचं मनात धरू नये. ती रीत मला फार सोयीची झाली. तिच्या आड मी दोन महिने लपलो.

पोळ्यानंतर संत्र्याची झाडं फळांनी वाकायला लागतात. फांद्या मोडू नयेत म्हणून खालून बांबूचे टेकू द्यावे लागतात. दरवर्षी ते साडू करायचा. त्या वर्षी सासऱ्यांनी मला विचारलं, गुरुजी, रविवारी जमन का? मी लगेच हो म्हणालो. दर रविवारी सकाळच्या बसनं सौंसरला जायचो. साडूही यायचा, झोळीतला हात सांभाळत बांधावर बसून सांगायचा की हा टेकू जरा आत, त्या फांदीला दोन लागतील. माझ्या तळहाताला फोड आले. सासरे माझ्या हाताला खोबरेल लावून देत म्हणाले, "गुरुजी, तुम्हाले तर सारं जमून राहिलं." मला बरं वाटलं. त्याच्या मोडलेल्या हाडावर उभा राहून बरं वाटलं. तिसऱ्या रविवारी मला ते सहन होईना.

सासरे जेवणाचा डबा आणायला घराकडे गेले होते. आम्ही दोघंच होतो. मी हातातला बांबू खाली ठेवला आणि सांगितलं की तो गोटा माझा होता.

तो हसला. "भाऊ, तुम्ही? दारातला कुत्रा हाकलता तं गोटा शेजाऱ्याच्या छपराच्या कवेलूवर जाते तुमचा. उगाच मनाले लावून राहिले."

मला वाटलं होतं तो चिडेल, उठून जाईल, सासऱ्यांना सांगेल. सगळ्याची तयारी केली होती. तो हसेल याची नव्हती. कबूल करूनसुद्धा मी त्याच्या लेखी गोटा मारू न शकणारा मास्तरच राहिलो. खाली एक कच्चं, हिरवं संत्रं गळून पडलेलं होतं. ते उचललं आणि समोरच्या टेकूवर जोरात मारलं. बांबूला बसून ते फुटलं.

तो हसायचा थांबला. त्यानं बांबूकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. लोकांना गोटा मारताना त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं; त्या चेहऱ्याची त्याला ओळख होती. त्याचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

त्यानं विचारलं, "काहून?"

मी सांगितलं. सासऱ्यांचं 'तू', विहिरीजवळच्या झाडाची फळं, शाळा, ती मुलगी. बोलताना प्रत्येक गोष्ट इतकी बारीक वाटत होती की माझाच आवाज खाली खाली गेला.

मग तो म्हणाला, "त्या झाडाची फळं मीच मागून घेतो. पोरीले आवडते." पुढे म्हणाला, "तुमच्या गल्लीत एका डोळ्यानं पाहनारा एक मानूस आहे, किराण्यावाला. त्याचा डोळा माझ्या गोट्यानं गेला. त्यानं माझ्याशी काही वाकडं नव्हतं केलं. त्याची बहीन मले सांगून आली होती, मग त्यायनंच नाही म्हटलं, म्हनून. तेव्हा गोटमार होती, कोनी विचारलं नाही. मी आजही त्याच्याकडून साखर आनतो."

मी त्या किराणावाल्याला रोज पाहतो. त्याचा डोळा देवीच्या दिवशी गेला एवढंच गल्लीला ठाऊक आहे.

"सांगितलं नाही त्याले?" मी विचारलं.

"नाही. तुमची हिंमत झाली. माझी अजून नाही झाली." तो उठला. "मामाजीले नका सांगू. त्यायचं वय झालं."

सासरे डबा घेऊन आले. आम्ही तिघं बांधावर जेवलो. साडू डाव्या हातानं जेवत होता, भाकरी तोडता येत नव्हती. मी तोडून देऊ का विचारलं, तर तो नको म्हणाला. तुटली तेवढीच खाल्ली.

त्यानंतर आमच्यात पहिल्यासारखं राहिलं नाही. भांडण झालं नाही. तो घरी येतो, सणाला जेवतो, भाऊ म्हणतो. पण पुलावरून सोबत चालताना तो मला पुढे जाऊ देतो. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा मी मुद्दाम मागे रेंगाळून पाहिलं, तोही थांबला.

पुढच्या पोळ्याला मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, यंदा मी तुझ्याबरोबर येतो, माणसं उचलायला. मनापासून म्हणालो होतो. तो त्या वेळी मोटारीत तार भरत होता. मान वर न करता म्हणाला, "नका येऊ, भाऊ. तुम्ही मागं असले तं माझं ध्यान राहनार नाही." मला राग आला नाही. त्याचं बरोबर होतं. मी घरी आलो आणि त्या दिवशी दारं लावून बसलो. नदीकडचा आरडाओरडा दिवसभर येत होता. चार वाजता सासऱ्यांचा फोन आला, तो कसा आहे म्हणून. मी मेहुणीला फोन करून त्यांना कळवलं की बरा आहे, आतापर्यंत सहा जणांना उचललं. सासरे म्हणाले, "मोठ्या मनाचं पोर आहे." तेव्हा मला पुन्हा तेच वाटलं: हे त्याच्यासाठी, माझ्यासाठी नाही. एवढं सगळं होऊनही ते तिथंच होतं, जागच्या जागी.

वर्गात मी आता तो प्रश्न फळ्यावर लिहितो, पण शेवटी उत्तर देत नाही. मुलं विचारतात, सर, तुमचं काय म्हणणं? मी सांगतो की माणूस ते शिकतो असं मी फार वर्षं सांगत आलो, पण मला ते कोणी शिकवलं नव्हतं. ते ऐकून मुलं गोंधळतात. गोंधळू द्यावं असं मला वाटतं.

हे लिहायच्या आधी मी साडूला विचारलं. बायकोला अजून माहीत नाही, हे वाचूनच कळेल. तो म्हणाला, लिहा, मामाजीले आता कळलं तं कळू द्या, पण किराण्यावाल्याचं मी आधी त्याले सांगतो, मग छापा. मी वाट पाहिली. उन्हाळा गेला. परवा त्याचा फोन आला की सांगून आलो. किराणावाला काय म्हणाला, असं मी विचारलं. त्यानं साखर तोलून दिली आणि दुकान लवकर बंद केलं, असं साडू म्हणाला.